खापरपणजीची पत्रं: गठ्ठा सोडण्यापासून टंकलेखनापर्यंत

जुन्या घराचा माळा आवरताना फडक्यात बांधलेला पत्रांचा गठ्ठा हाती लागतो. वरची दोन पत्रं उघडून पाहिली जातात, मोडी लिपी लागत नाही, कुणा नामवंताची सही दिसत नाही, आणि गठ्ठा पुन्हा ट्रंकेत जातो. पुढच्या पावसाळ्यात त्याला कसर लागते. हे होऊ नये म्हणून हा लेख. यात मी एकोणिसाव्या शतकातल्या घरगुती पत्रांबद्दल लिहितो आहे, आणि तीही बाईच्या नावाची, म्हणजे तिने लिहिलेली, तिने सांगून लिहवलेली किंवा तिला आलेली.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. या पत्रांत मोठ्या घटना शोधायच्या नाहीत. घरातल्या पुरुषाचं नाव जमिनीच्या नोंदींत, दप्तरात, कोर्टाच्या कागदात कुठेतरी सापडतं. त्याच घरातल्या बाईचं नाव फक्त या पत्रांत सापडण्याची शक्यता असते. तिने मागवलेला खण, मुलाचा ताप, आईला भेटायची ओढ, एवढाच तिचा लेखी पुरावा.

सावित्रीबाई फुल्यांची जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं उपलब्ध आहेत, १८५६, १८६८ आणि १८७७ ची. पहिलं पत्र त्यांनी आजारपणात माहेरी, नायगावला राहून लिहिलं. त्यात प्रकृतीची खबर आहे, सेवा करणारा भाऊ आहे, त्याच भावाशी झालेला वाद आहे, आणि पुण्यात शाळेचा भार एकटीने वाहणाऱ्या फातिमाची काळजी आहे. मुलींच्या शाळेचा इतिहास इथे घरच्या खबरबातीच्या पोटात शिरून आला आहे. खबरबात गाळली तर इतिहासही हातचा जातो.

गठ्ठा सोडण्याआधी

आषाढ-श्रावणात हे काम काढू नका, कोकणात तर नकोच. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की काढा. जेवणाचं टेबल पुसून त्यावर स्वच्छ सुती चादर अंथरा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. जवळपास चहा, पाणी, शाईचं पेन काही नको.

गठ्ठा बांधलेल्या स्थितीतच आधी फोटो काढा. मग दोरा सोडताना कोणतं पत्र कुणाच्या वर होतं ते टिपत जा. ही मांडणी कुणीतरी, बहुतेक त्या बाईनेच, केलेली असते. माहेरची पत्रं एका पुडीत, नवऱ्याची दुसरीत, आणि एखादं पत्र वेगळं, चोळीच्या तुकड्यात गुंडाळलेलं. तारखेप्रमाणे लावण्याच्या नादात ही मांडणी मोडली की ती परत मिळत नाही. प्रत्येक पत्राच्या मागच्या कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीने बारीक क्रमांक घाला. पेनने अजिबात नको.

जुनी काळी शाई काजळ आणि डिंकाची असे. ती उन्हाने फारशी विटत नाही, पण ओल लागली की पसरते. म्हणून घडी उघडत नाही म्हणून वाफ देणं, ओल्या बोळ्याने पुसणं असले उपाय करू नका. नंतरच्या काळातली, टाकाने लिहिलेली तपकिरी पडलेली शाई वेगळी. ती लोहयुक्त असते, कागद खाते, आणि अक्षराच्या जागी भोकं पडलेली दिसतात. असा कागद वारंवार हाताळायचाच नाही, एकदा फोटो काढून ठेवून द्यायचा. अक्षरांवर बारीक वाळूचे कण चिकटलेले दिसले तर खरवडू नका, ती शाई टिपायला टाकलेली वाळू आहे. टाचण्या गंजल्या असतील तर मात्र अलगद काढा. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका. लॅमिनेट केलेलं पत्र कायमचं गेलं असं समजा.

फोटो खिडकीजवळ, थेट ऊन न पडणाऱ्या जागी, मोबाइल कागदाला समांतर धरून काढा. पुढची बाजू, मागची बाजू, पाकीट, तिकीट, समास, सगळं घ्या. शेजारी एक पट्टी ठेवा म्हणजे कागदाचा आकार कळतो. मग एक पत्र उजेडासमोर धरून पाहा. गिरणीच्या कागदात कधी पाण्याची खूण (वॉटरमार्क) दिसते, आणि तिच्यात वर्ष असेल तर पत्र त्यानंतरचंच. हातकागद असेल तर तो जुन्नर किंवा दौलताबादकडचा असू शकतो, दोन्ही ठिकाणी कागद करणारी घराणी होती.

मायना हाच पहिला पुरावा

मोडी येत नसली तरी पहिल्या दोन ओळी लावता येतात, कारण त्या ठरलेल्या असतात. ‘श्री’ वर. मग समोरच्याच्या नात्याप्रमाणे तीर्थरूप, तीर्थस्वरूप, चिरंजीव, राजमान्य राजश्री. मग नमस्कार किंवा आशीर्वाद. ‘कृ. सा. न. वि. वि.’ म्हणजे कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष. त्यानंतर ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे’ अशा अर्थाची ओळ, आणि शेवटी ‘बहुत काय लिहिणे, लोभ असावा हे विनंती’. पुष्कळ जण हे सारं साचा म्हणून टंकातून वगळतात. वगळू नका. लिहिणारी कुणापुढे लहान आहे, कुणापुढे मोठी, ते इथेच कळतं. ‘अपत्ये’ असं स्वतःला म्हणणारी बाई आईबापांना लिहिते आहे. ‘अनेक आशीर्वाद’ देणारी धाकट्याला लिहिते आहे. साचा जिथे मोडतो तिथे तर दुप्पट लक्ष द्या. सावित्रीबाई नवऱ्याला ‘सत्यरूप जोतीबा’ म्हणतात. ज्या काळात बाई नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नसे, त्या काळात मायन्यातच नाव लिहिणं हे त्या घराबद्दल पानभर सांगून जातं.

बाईच्या नावाआधीचं अक्षरही तारीख लावायला मदत करतं. ‘सौ.’ असेल तर नवरा हयात. ‘गं. भा.’ म्हणजे गंगाभागीरथी आलं की तो गेलेला. दोन पत्रांत हा बदल दिसला तर मधल्या काळात काय झालं ते वेगळं सांगावं लागत नाही, आणि मधलं पत्र सापडलं नाही तरी घटना हाती लागते. कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं असतील तर ते लग्नामुंजीचं पत्र. वर ‘श्री’ नाही, कोपरा फाडलेला आहे, मजकूर दोन ओळींचा आहे, तर ती मृत्यूची खबर. असं पत्र घरात ठेवत नसत, वाचून फाडून टाकत. तरीही एखादं गठ्ठ्यात सापडलं, तर ते कुणीतरी मुद्दाम जपलेलं आहे.

तिच्या हाताची बाराखडी

बायकांची काही पत्रं बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत असतात, ती तुम्ही आजच वाचू शकाल. मोडीसाठी मात्र दोन-तीन महिने द्यावे लागतात. राज्याचं पुराभिलेख खातं मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या जुन्या संस्थांत मोडी रोज वाचणारी माणसं भेटतात. पण वर्ग केला तरी छापील मोडी आणि तुमच्या खापरपणजीचं वळण यांत फरक राहणारच, म्हणून तिच्या हाताची बाराखडी स्वतः करा.

एक मोठा कागद घ्या. मायन्यातले शब्द तुम्हाला ठाऊक आहेत, गावाचं नाव ठाऊक आहे, घरातल्या माणसांची नावं वंशावळीत आहेत. फोटोत ही ठिकाणं शोधा आणि त्यांतलं एकेक अक्षर कापून कागदावर क, ख, ग च्या रकान्यांत चिकटवा. पाच-सहा पत्रांनंतर निम्मी बाराखडी भरते. मोडीत शिरोरेषा आधी ओढतात आणि अक्षरं तिला लोंबत येतात, शब्दांत जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नसतात, ओळ संपली की शब्द कुठेही तुटतो. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी-उकाराचा भेद नसतो, तेव्हा ‘दिन’ की ‘दीन’ हे संदर्भावरूनच ठरवायचं. न लागलेला शब्द चौकटी कंसात प्रश्नचिन्ह टाकून सोडा. अंदाजाने भरलेला शब्द पुढच्या वाचकाला कळत नाही की तो तुमचा आहे, तिचा नाही.

तारीख लावणं

घरगुती पत्रात बहुधा तिथी असते, शक असतो, कधी नुसता संवत्सर. शकाचं इसवी सन करायचं तर चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत ७९. सावित्रीबाईंचं ओतूरचं दुष्काळातलं पत्र २० एप्रिल १८७७ चं. तेव्हा पाडवा होऊन गेला होता, म्हणून शके १७९९ अधिक ७८. आनंदीबाई जोशी गेल्या २६ फेब्रुवारी १८८७ ला. पाडवा यायचा होता, म्हणून शके १८०८ अधिक ७९. पौष-माघ-फाल्गुनाच्या पत्रांत एक वर्षाची चूक होते ती इथेच.

शक लिहिलेला नाही पण ‘ईश्वरनाम संवत्सरे’ आहे, असं पुष्कळदा होतं. संवत्सर साठ, प्रभव पहिला, क्षय साठावा. शकात १२ मिळवून ६० ने भागा, उरेल तो संवत्सराचा क्रमांक. १७९९ अधिक १२ म्हणजे १८११, त्याला ६० ने भागून उरतात ११, आणि अकरावा संवत्सर ईश्वर. तोच संवत्सर पुन्हा १९३७ मध्ये येतो, तेव्हा या दोहोंतला कोणता हे कागद, तिकीट आणि माणसं सांगतील.

तिथीवरून तारीख काढताना महाराष्ट्रातला महिना अमावास्येला संपतो हे धरून जुन्या जंत्रीत, म्हणजे तिथी-तारखांच्या तक्त्यांत पाहा. एक दिवस इकडेतिकडे होईल. पत्रात वार असेल तर तो निकाल देतो. वार अजिबात जुळत नसेल तर तुम्ही शक चुकीचा वाचला आहे, किंवा महिना अधिक होता.

टपालाच्या खुणा याहून सोप्या. सगळ्या देशाला लागू झालेली तिकिटं १ ऑक्टोबर १८५४ पासूनची. पाव आण्याचं कार्ड १ जुलै १८७९ ला आलं, आणि सुरुवातीच्या कार्डांवर ‘ईस्ट इंडिया पोस्ट कार्ड’ अशी इंग्रजी अक्षरं असतात. पोस्टाची मनीऑर्डर १८८० पासूनची, म्हणून ‘मनीआर्डर पावली’ असं वाचलंत की त्याआधीची वर्षं सोडा. तिकीट न लावता टाकलेलं पत्र ‘नॉटपेड’, त्याचे दुप्पट पैसे घेणाऱ्याने भरायचे. सासरच्या सुनेचं नॉटपेड पत्र माहेरी जातं तेव्हा तिच्या हातात अर्धा आणाही नव्हता असं असू शकतं. टपालाच्या शिक्क्यावरून एवढं कळतं, म्हणून पाकिटं टाकू नका.

रेल्वेही कामाला येते. बोरीबंदर ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली, बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. मुंबईहून पुण्याला येताना घाट डोलीत चढल्याचं वर्णन असेल तर पत्र बहुधा त्याआधीचं.

‘इकडून’ म्हणजे कुठून

माझी सर्वांत मोठी चूक याच शब्दामुळे झाली. ‘इकडून परवा जाणे झाले’ या वाक्याचा अर्थ मी कितीतरी दिवस ‘या गावाहून कुणीतरी गेलं’ असा लावत होतो, आणि तो प्रवासी शोधत होतो. ‘इकडून’ म्हणजे नवरा. बाई नवऱ्याचं नाव घेत नसे, सर्वनामही टाळत असे. ‘इकडे बरे वाटत नाही’ हे घराबद्दल नाही, त्याच्या प्रकृतीबद्दल आहे. ‘स्वारी’, ‘तिकडे’ हे शब्दही असेच. पत्र हाती घेतल्यावर कोण कुणाला लिहितं आहे हे ठरेपर्यंत या शब्दांचा अर्थ लावू नका, कारण बहीण बहिणीला लिहिते तेव्हा ‘इकडून’ हा तिचा नवरा आणि ‘तिकडून’ हा बहिणीचा.

नात्यांचे शब्द वेगळ्या वहीत काढा. मामंजी म्हणजे सासरे, वन्सं म्हणजे नणंद, भावोजी म्हणजे दीर. माई, ताई, आक्का, बयो, काकी ही नावं एका घरात तीन-तीन बायकांना असतात. त्यात लग्नात नाव बदलतं. आनंदीबाईंचं माहेरचं नाव यमुना, आणि रमाबाई रानड्यांचंही यमुनाच. म्हणून वंशावळीत प्रत्येक बाईसाठी दोन रकाने ठेवा, माहेरचं नाव आणि सासरचं. आईच्या पत्रात एक नाव, सासूच्या पत्रात दुसरं, आणि माणूस एकच असतो.

देहाबद्दलच्या गोष्टी आडून येतात. ‘बाजूला बसणे’, ‘अस्पर्श’, ‘अडचण’ ही पाळी. ‘नहाण आले’ म्हणजे पहिली पाळी, आणि त्यानंतर मुलगी सासरी नांदायला जाण्याची बोलणी सुरू होतात, पुढच्या पत्रांतली घाई त्यामुळे असते. ‘दिवस राहिले’, ‘सुटका झाली’, ‘मोकळी झाली’ हे गरोदरपणाचे नि बाळंतपणाचे शब्द. ‘सुटका झाली’ यापुढे बाळाचा उल्लेख नसेल तर पुढचं पत्र जपून वाचा. ‘देवी आल्या’ म्हणजे देवीचा रोग झाला. पटकी किंवा जरीमरी म्हणजे कॉलरा. गाठीचा ताप म्हणजे प्लेग, तो मुंबईत १८९६ ला आणि पुण्यात १८९७ ला. सावित्रीबाई त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ ला गेल्या. पुण्याच्या किंवा आसपासच्या घराची त्या वर्षाची पत्रं हाती लागली तर कोण कुठे झोपडीत राहायला गेलं, कुणाला दवाखान्यात नेलं, याच्या ओळी आधी शोधा.

आणे, पै, पायली

आता रोजच्या गोष्टींची सूची करा. एक वही, चार रकाने: काय, किती, कुणाकडून कुणाकडे, पत्र क्रमांक. लुगडं, खण, काकवी, लोणच्याची बरणी, औषध, उसने पैसे, सगळं येऊ द्या. पैशांच्या आकड्यात उभी रेघ म्हणजे चार आणे आणि आडवी रेघ म्हणजे एक आणा. ‘५।’ म्हणजे सव्वापाच रुपये, ‘५॥’ साडेपाच, ‘५॥=’ म्हणजे पाच रुपये दहा आणे. आण्याचे बारा पै. शेर, पायली, मण यांचं माप मात्र गावागणिक बदलायचं, तेव्हा त्यांचं किलो करून लिहू नका, तिने लिहिलं तसंच ठेवा.

शंभरेक नोंदी झाल्या की वही बोलायला लागते. माहेरून दर दिवाळीला येणारं लुगडं एका वर्षी थांबतं आणि पुन्हा येत नाही. त्या वर्षी भाऊ वेगळे झालेले असतात. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाची झळ अनेक घरांत ‘धान्य पाठवू नये, तुम्हांस पुरेल तेवढेच ठेवावे’ अशा एका वाक्यात सापडते. आनंदीबाई १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या. त्या काळच्या त्यांच्या पत्रांत लुगडं कसं नेसायचं, शाकाहारी जेवण कसं मिळवायचं, थंडीत खोली कशी ऊबदार ठेवायची, हे विषय पुन्हा पुन्हा येतात. ११ मार्च १८८६ ला एम.डी. झालेल्या मुलीने ती पदवी कोणत्या खोलीत, काय खाऊन मिळवली, हे त्या ओळींशिवाय आपल्याला कळलं नसतं.

कोणाच्या हाताने, कोणाच्या कानांसाठी

पत्र बाईचं आहे म्हणून अक्षर तिचं असेलच असं नाही. धाकटा दीर, मुलगा, शेजारचे मास्तर लिहून देत. एकाच बाईच्या पत्रांत तीन वळणं दिसली तर तिन्हींची वेगळी नोंद ठेवा. मध्येच एखादं वाकडंतिकडं, मोठ्या अक्षरांचं पत्र लागलं तर थांबा, ते कदाचित तिने स्वतः लिहिलेलं पहिलं असेल.

सासरी आलेलं पत्र ओसरीवर मोठ्याने वाचलं जाई, आणि जाणारं पत्रही कुणीतरी पाहत असे. त्यामुळे ‘सर्व खुशाल आहे’ या शब्दांवर फार विसंबू नका. समासात उलट्या बाजूने लिहिलेली ओळ, सहीनंतरचं ‘ता. क.’, आईने एकट्याने वाचावं अशी विनंती, इथे ती स्वतः बोलते.

कधी ती उघडपणेही बोलते. आनंदीबाईंनी अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलं, की मी दहा वर्षांची असताना तुम्ही लाकडाने मारलंत, बारा वर्षांची असताना खुर्च्या नि पुस्तकं फेकलीत, चौदाव्या वर्षी सोडून जाण्याची धमकी दिलीत. तिला शिकवणारा नवरा आणि तिला मारणारा नवरा हा एकच माणूस होता. तुमच्या गठ्ठ्यात असं पत्र निघालं तर घरातले वडीलधारे म्हणतील, एवढं नको छापायला. त्यांच्याशी शांतपणे बोला. हयात माणसांना त्रास होईल असा भाग काही वर्षं न छापणं योग्य, पण प्रत करताना तो गाळू नका आणि मऊही करू नका. तिने लिहिलं ते तिच्या शब्दांत पूर्ण उतरलं पाहिजे. जातीबद्दलचे, सोवळ्याओवळ्याचे आज टोचणारे उल्लेखही तसेच ठेवा.

प्रत आणि जपणूक

टंकलेखनात प्रत्येक पत्राचे दोन भाग करा. पहिल्यात अक्षरशः प्रत, तिच्या शुद्धलेखनासह, मूळ ओळी जिथे तुटतात तिथेच तोडून. दुसऱ्यात आजच्या मराठीतला अर्थ आणि तुमच्या टिपा. दोन्ही एकत्र कालवू नका. वर पत्राचा क्रमांक, तिथी, काढलेली तारीख, आणि ती कशावरून काढली ते. मोडी अक्षरांना २०१४ पासून युनिकोडमध्ये जागा मिळाली आहे, पण घरगुती कामाला देवनागरी पुरे.

मूळ पत्रं उलगडून, सपाट, आम्लरहित कागदाच्या पाकिटांत एकेक ठेवा. तो न मिळाल्यास धुतलेल्या, खळ न लावलेल्या सुती कापडात ठेवा. प्लास्टिकची पिशवी नको, रबरबँड नको, डांबराच्या गोळ्या कागदाला लागून नकोत. पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, जमिनीपासून वर ठेवा, आणि वर्षातून दोनदा उघडून पाहा. छायाचित्रांच्या प्रती निदान तीन ठिकाणी, त्यांतली एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावंडाकडे.

घरात पुढे कुणी सांभाळणारं नसेल तर गठ्ठा पुराभिलेखागाराला किंवा इतिहास मंडळाला द्या, पण आधी तुमची सूची, बाराखडीचा कागद आणि वंशावळ सोबत जोडा. वंशावळीत तिचं नाव लिहिताना ‘अमक्याची पत्नी’ एवढ्यावर थांबू नका. माहेरचं नाव, सासरचं नाव, माहेरचं गाव, आणि माहीत असेल तर ती लिहायला कधी शिकली ते वर्ष.